खंडाळ्यात शोधलेल्या टापा

तळेगाव, शनिवार

आमच्या सांगलीत वक्त्याला हार घालतात आणि सोडून देतात. तळेगाव दाभाड्याला हार, शाल, श्रीफळ, कुंडीसकट रोपटं आणि वक्त्याचाच फोटो छापलेलं स्मृतिचिन्ह देतात. स्वतःचा फोटो घरी नेऊन काय करायचं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

वसंत व्याख्यानमालेचं आमंत्रण होतं. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मी एका दैनिकात जगाच्या घडामोडींवर सदर लिहिते, त्यामुळे युद्ध पेटलं की मला मागणी येते. विषय ठरला होता पश्चिम आशियाचा इतिहास. सभागृहाबाहेर पाहते तर फलकावर ‘धगधगता पश्चिम आशिया : कारणे आणि उपाय’. कारणं मला थोडीफार ठाऊक होती. उपाय संयोजकांनी परस्पर वाढवला होता. फलकाच्या डाव्या कोपऱ्यात एक क्षेपणास्त्र होतं, उजव्या कोपऱ्यात मी. आणि क्षेपणास्त्राचा रोख बघता श्रोत्यांनी माझी काळजी करायला हरकत नव्हती.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि आपल्याला बोलायला वेळ नाही हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. सचिवांनी माझी ओळख ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या अभ्यासक’ अशी करून दिली. मी एकदा काठमांडूला परिसंवादाला गेले होते, त्याचा हा परिणाम.

मग मी बोलले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी एकाच भूमीबद्दल अरबांना, ज्यूंना आणि फ्रेंचांना वेगवेगळे शब्द कसे दिले. नकाशावर पट्टी ठेवून रेघा कशा ओढल्या. अठ्ठेचाळीस साली एका समाजाला देश मिळाला तेव्हा दुसऱ्याच्या लाखो माणसांची घरं कशी गेली. इराणात लोकांनी निवडलेलं सरकार बाहेरच्यांनी कसं उलथवलं आणि त्याचा राग पुढे कुठल्या रस्त्यानं बाहेर पडला. टाळ्या चांगल्या पडल्या. पट्टीच्या रेघांना नेहमीच पडतात.

प्रश्नोत्तरांत पहिले दोन प्रश्न हे प्रश्न नव्हते, भाषणं होती. तिसरा माणूस मागच्या रांगेतून उठला. पांढरा सदरा, डोक्यावर पांढरे केस, हातात मोबाइल.

“मॅडम, तुमी सांगितलं त्ये सगळं पटलं. पन तितला विमानतळ कदी उघडंल?”

सभागृह हसलं. तो हसला नाही.

“माजी पोरगी तितं हाय,” तो म्हणाला.

मी म्हणाले, “ते कुणालाच सांगता येणार नाही.” त्या संध्याकाळचं माझं सर्वांत छोटं आणि सर्वांत खरं वाक्य तेच. सचिवांनी घाईनं माईक घेऊन आभार मानले.

बाहेर तो माझी वाट बघत उभा होता. दौलतभाऊ त्याचं नाव. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करून निवृत्त झालेला, राहणारा भाज्याचा. पुण्यात कामाला जाणाऱ्या कुणीतरी त्याला फलकाचा फोटो पाठवला होता, म्हणून लोकल धरून तो तळेगावला आला होता. मुलगी प्रज्ञा इस्रायलमध्ये एका म्हातारीची देखभाल करते. युद्ध सुरू झाल्यापासून विमानं बंद.

“तुमी उद्या लोनावळ्याला हाय म्हनं. मधी आमचं गाव लागतंय. जेवायला या. मला आजून ईचारायचंय.”

“मला विमानतळाचं काही कळत नाही हो भाऊ.”

“विमानतळाचं न्हाई. ह्ये सगळं का चाललंय, त्ये. टीव्हीवाले नुसता बान दाखवत्यात, हितनं तितं.” त्यानं हवेत बोटानं कमान काढली. “का, त्ये सांगत न्हाईत. बसून बसून माणूस काय करनार? समजून तरी घेतो.”

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतिहास शिकायचं इतकं सरळ कारण मला कुणी दिलं नव्हतं. मी येते म्हणाले. रोपटं मी सभागृहाच्या रखवालदाराला दिलं. त्याच्या ओसरीला तशी आणखी बरीच दिसली.

भाजे, रविवार

लोणावळ्याला माझी सोय समितीच्या एका सदस्याच्या बंगल्यात केली होती. दारात प्लॅस्टरचा रोमन योद्धा उभा. त्याच्या भाल्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता, त्यामुळे आमची लगेच ओळख झाली. रविवारी सकाळी योद्ध्याला तिथेच सोडून मी उलट्या दिशेची लोकल धरली आणि मळवलीला उतरले.

उन्हाळ्यातला मावळ म्हणजे चित्रातल्या हिरव्या मावळाचा वाळलेला भाऊ. डोंगर पिवळे, भातखाचरांत ढेकळं, आणि रस्त्यानं गाड्यांची रांग. सगळे लेण्यांकडे चालले होते. भाज्याला जाऊन लेणी न बघता परत आलेली बहुधा मी एकटीच असेन.

दौलतभाऊंचं घर पायऱ्यांच्या अलीकडे. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि परिचारिकेच्या पांढऱ्या पोशाखातली प्रज्ञा. कोपऱ्यात टीव्ही चालू, पण मुका. पडद्यावर लाल बाण एका देशातून दुसऱ्या देशात जात होते आणि तीन माणसं तीन चौकटींतून तोंड वासून ओरडत होती.

“आवाज ठेवला की हिचं बीपी वाढतं,” दौलतभाऊ म्हणाले.

“माजं वाढतं, आन् ह्ये मातर रात-दिस त्येच बघत बसत्यात,” आतून सुमनताई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. “या मॅडम. हात धुवा. तुमचा इतिहास जेवल्यावर.”

जेवायला सुकट-वांगं आणि तांदळाची भाकरी. आम्ही ज्वारीवाले, तांदळाची भाकरी आमच्याकडे पाहुणी म्हणून येते. इथे ती घरची आहे हे तिच्या पदरांवरून कळत होतं. वर इंद्रायणीचा भात, ज्याच्या वासानं मी अर्ध्या जेवणात गप्प झाले. सुमनताईंनी ते बरोबर ओळखून आणखी वाढला.

जेवण होतंय तोवर फोन वाजला. प्रज्ञा. मागे जिन्याचा खालचा भाग आणि भिंतीला टेकलेली एक म्हातारी, मांडीवर शाल.

“आई, ठीक आहोत. सकाळी दोनदा वाजला भोंगा. आता शांत आहे.”

“बशीचं काय झालं?” सुमनताईंनी थेट विचारलं.

इथे मला सगळा पेच कळला. विमानतळ बंद होता, पण बाहेर पडू इच्छिणाऱ्या भारतीयांना बसनं जॉर्डनच्या सीमेपर्यंत नेत होते. तिथून पुढे विमान. प्रज्ञानं नाव दिलं होतं. पण ती गेली तर म्हातारी एकटी. मुलगा दुसऱ्या शहरात, रस्ते कधी चालू कधी बंद. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईला भोंगा झाल्यावर जिन्याखाली कोण नेणार?

“तू नीघ,” सुमनताई म्हणाल्या. “त्यांचा ल्योक बघंल त्यांचं.”

“म्हातारीला टाकून?” दौलतभाऊ म्हणाले.

“मंग काय पोरीला टाकू?”

“मी टाक म्हनतोय का? मी फकस्त ईचारलं.”

“तुमचं ईचारनं बास झालं. काल तळेगावला जाऊन ईचारून आलात न्हवं?”

फोनमधून स्वच्छ मराठीत आवाज आला, “कोण भांडतंय गो? माझ्यावरून भांडताय का?”

रिबकाआजी. मी चमकले ते लपलं नसावं, कारण प्रज्ञा हसली. आजी बेने इस्रायली, म्हणजे शतकानुशतकं कोकणात राहिलेल्या, तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंपैकी. तरुणपणी घरच्यांबरोबर इस्रायलला गेलेली. वय वाढलं तसं तिचं हिब्रू गळत गेलं आणि मराठी तेवढी शिल्लक राहिली. मुलाला आईशी बोलता येईना, म्हणून त्यानं मराठी बोलणारी मुलगी शोधायला लावली. प्रज्ञाला ती नोकरी लागली ती नर्सिंगच्या शिक्षणाइतकीच मावळच्या बोलीमुळे.

“माझे वडील रेल्वेत गार्ड,” आजी मला सांगू लागली. “लोणावळ्याला क्वार्टर होतं. घाटासाठी मागं दुसरं इंजिन जोडायचे ना, ते बघत मी दारात बसायची.”

“मग गेलात का?” मी विचारलं. काल तासभर मी याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, इस्रायलच्या संस्थापकांच्या घोषणांसकट.

“सगळे चालले, म्हणून चाललो. काका म्हणाला, आपला देश झाला. आई म्हणाली, मग हा कुणाचा होता? पण बोटीची तिकिटं आली होती.” ती थांबली. “तिथं नेऊन वाळूत तंबूत ठेवलं. आमच्या लोकांना काळे म्हणायचे. कितीतरी जण आम्हाला परत धाडा म्हणून रस्त्यावर बसले. काही आलेही परत. आम्ही राहिलो. मग तंबूची घरं झाली.”

“आणि आधी तिथं कोण राहायचं?” दौलतभाऊंनी विचारलं. रागानं नाही, तळेगावला विचारलं होतं त्याच आवाजात.

आजीनं मांडीवरची शाल सारखी केली. “गाव होतं. विहीर होती, अंजिराची झाडं होती. माणसं गेली होती. कुठं गेली, हे आम्ही विचारलं नाही. आम्ही नवीन, आम्हाला कोण सांगणार? पण अंजिरं खाल्ली आम्ही.”

सुमनताई फोनकडे वाकून म्हणाल्या, “आजी, माज्या आईचं घर पवनेच्या पान्याखाली हाय. धरान बांधलं तवा उठवलं. उन्हाळ्यात पानी उतरलं की जोतं दिसतं. आई हुती तोवर दरसाल जाऊन बघायची. आता त्या काठाला तंबू लावत्यात, पुन्या-मुंबईची पोरं येऊन गाणी लावत्यात. त्यांचा काय दोष? त्यांना काय म्हाईत खाली काय हाय.”

“खरं गो,” आजी म्हणाली.

मी सांगलीची. कृष्णेचं पाणी आमच्या घरात येतं आणि परत जातं; कायमचं राहत नाही. सुमनताईंनी दोन वाक्यांत जे जोडलं ते मला जोडावं लागलं असतं तर मी आधी तळटीप दिली असती. पण एक फरक मी बोलून दाखवला, कारण न दाखवणं खोटं झालं असतं: तिथं पाण्याखाली काही गेलेलं नाही. घर समोर दिसतं, त्यात दुसरं कुणी राहतं, त्या दुसऱ्यालाही कुठूनतरी हाकललेलं असतं, आणि दोघांच्या हातात आता शस्त्रं आहेत.

“मंग ह्यात मिटायचं कसं?” दौलतभाऊ म्हणाले.

“उपाय त्या फलकवाल्यांना ठाऊक होता,” मी म्हणाले. ते पहिल्यांदा हसले.

निघताना ते स्टेशनपर्यंत आले. वाटेत म्हणाले, “डेपोत मी जल्मभर पेट्या चढवल्या, उतरवल्या. दारूगोळा. कुटं जाऊन फुटतो, त्ये कदी ईचारलं न्हाई. पगार झाला की घरी.” लोकल आली.

खंडाळा, सोमवार

सकाळी मी रोमन योद्ध्याशेजारी चहा पीत होते, तर फाटकाशी रिक्षा. आत दौलतभाऊ आणि सुमनताई, पुढे चालवायला त्यांचा शेजारी सलीम. सुमनताईंनी नवी साडी नेसली होती.

“निघाली!” त्या रिक्षातूनच ओरडल्या. “म्हातारीचा ल्योक रात्री येऊन पोचला. आजीनं पोरीला बशीत बसवून दिलं. नगं म्हनत हुती तर काठी उगारली म्हनं.”

बस सीमेकडे निघाली होती. पुढे सीमा ओलांडेपर्यंत फोन लागणार नव्हता. मात्र आजीनं मुलाच्या फोनवरून सुमनताईंना एक काम सांगितलं होतं. एलियाहू हनाबी, म्हणजे ज्यूंचा प्रेषित एलिया, हा बेने इस्रायलींचा वाटेतला सांभाळणारा. तो रथातून आकाशात गेला तेव्हा त्याच्या घोड्यांच्या टापा खंडाळ्याला खडकात उमटल्या. तिथं जाऊन हात जोडून या, पोरगी सुखरूप पोचेल.

“आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं,” दौलतभाऊ मला सांगू लागले. “ह्ये टापा-बिपा आमच्यात बसत न्हाई.”

“तुमी रिक्षात बसून ऱ्हावा. हात मी जोडते.”

“बाबासाहेबांनी सांगितलंय...”

“त्यांनी पोरी शिकवा म्हनून पन सांगितलं. शिकली, म्हनून तितं गेली. आता सरका जरा, मॅडमना बसू द्या.”

खंडाळा शेजारीच. मी त्या टापांबद्दल कधी वाचलेलं नव्हतं, आणि न वाचलेल्या गोष्टीची मला उत्सुकता फार. घाटाच्या तोंडाशी गाड्या अडकल्या होत्या. माकडं एका गाडीतून दुसऱ्या गाडीकडे नियम असल्यासारखी जात होती. सलीमनं रिक्षा एका चहाच्या टपरीशी लावली आणि विचारलं, “इथं दगडात घोड्याची टाप कुठं आहे?”

“आहे की!” टपरीवाला म्हणाला, आणि त्यानं सुरी ठेवून बोट दाखवलं. मला वाटलं होतं शोधावं लागेल.

कड्याच्या अलीकडे काळ्या खडकाचा एक उघडा पट्टा होता. त्यात वाटीएवढे तीन-चार खळगे. मावळात असे खळगे दर दोन शेतांमागे सापडतात. पण इतक्या विश्वासानं दाखवलेला खळगा वेगळा दिसू लागतो, हे मी स्वतः अनुभवलं.

“महाराजांच्या घोड्याची,” टपरीवाला म्हणाला. “राजमाचीकडून येताना हितनं उडी घेतली.”

“कोण म्हनलं?” शेजारी करवंदं विकत बसलेली बाई म्हणाली. “आमच्या सासूनं सांगितलंय, पांडवांचा घोडा. यज्ञाचा.”

“आवो मावशी, यज्ञाचा घोडा घाटात कशाला येईल?”

“मंग महाराजांचा घोडा कड्यावर उडी कशाला मारंल? येडा हुता व्हय?”

सलीम आतापर्यंत गप्प होता. तो हळूच म्हणाला, “आमची दादी सांगायची, पीरबाबांची पांढरी घोडी इथं पाणी प्यायला थांबायची.” आणि लगेच, “म्हणजे, सांगायची. आपलं काही म्हणणं नाही.”

सुमनताई म्हणाल्या, “आवो, आमाला तर एलियाहू हनाबीची पायजे.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. “ह्यो कुठला?” करवंदवाली म्हणाली. सुमनताईंनी सांगितलं. आकाशात गेलेला रथ, अग्नीचे घोडे, म्हातारी, बस, सीमा. टपरीवाल्यानं ऐकून घेतलं आणि चौथ्या खळग्याकडे बघितलं. “हा जरा बाजूला आहे,” तो म्हणाला. “हा असेल.” त्याच्या उदारपणानं मी हेलावले.

तेवढ्यात दोन-तीन गाड्यांतली माणसं उतरून जमली. एकानं फोटो काढला. एक तरुण म्हणाला, इथं माहितीचा फलक पाहिजे. दुसरा म्हणाला, कोणाची माहिती? तिसऱ्याचा आवाज जरा चढला. कुणीतरी विचारलं, ही जागा नक्की कोणाच्या हद्दीत येते?

दौलतभाऊ आता रिक्षातून उतरून माझ्या शेजारी उभे होते. घोळक्याकडे बघत ते हलकेच म्हणाले, “मॅडम, आजून हितं कुंपन न्हाई, म्हनून चाललंय.”

मला तळेगावचं माझं तासाभराचं व्याख्यान आठवलं. एका जुन्या शहरातल्या तीन धर्मांच्या तीन जागा, प्रत्येकीचे पुरावे, प्रत्येकीच्या चाव्या, कुणी कुठल्या दारातून यायचं याचे ठराव. नकाशा दाखवून मी जे सांगितलं त्याचं कच्चं बी इथं डोळ्यांसमोर पडलं होतं: एक खडक, चार गोष्टी, आणि हद्द विचारणारा पहिला माणूस. अजून कुणी मेलं नव्हतं, म्हणून सगळं गमतीचं वाटत होतं. सगळीकडे कधीतरी ते गमतीचं वाटलं असणार.

सुमनताईंनी चप्पल काढली, चौथ्या खळग्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हात जोडले. तरुण मंडळी दोन पावलं मागे सरकली. एका आईला मुलीसाठी हात जोडताना पाहिलं की हद्दीचा प्रश्न थोडा वेळ मागे पडतो. थोडाच वेळ, पण पडतो. करवंदवालीनं पानाचा द्रोण भरून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. सलीमनंही मान झुकवली. दौलतभाऊंनी मोबाइल बघितला. सिग्नल होता, संदेश नव्हता.

परतताना सुमनताईंनी आजीला फोन लावला. “झालं आजी, जाऊन आलो खंडाळ्याला.”

“इतक्यात? अलिबागेला कधी गेलात?”

“अलिबागेला कशाला? हितं लोनावळ्याशेजारी.”

फोनमध्ये आजी इतकी हसली की खोकला लागला. “अगो बायो, ते खंडाळा नव्हे! आमचं खंडाळा अलिबागेजवळ!”

मी मान खाली घातली. नकाशांवर बोलणारी बाई रिक्षात बसली होती आणि तिला दुसऱ्या खंडाळ्याचा पत्ता नव्हता. सलीमनं रिक्षा बाजूला घेतली. सुमनताईंचा चेहरा पार उतरला. हसण्यासारखं त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं. पोरगी अजून बसमध्ये होती. “मंग आता?” त्या म्हणाल्या.

“मग काय आता?” आजी म्हणाली. “हनाबी आकाशातून जातो गो. त्याला मावळ दिसत नाही होय? जोडलेत ना हात? झालं.”

दौलतभाऊ म्हणाले, “ह्ये बरंय. असा देव असंल तर माजी हरकत न्हाई.”

पण संध्याकाळपर्यंत संदेश आला नाही. मी सांगलीचं तिकीट रद्द केलं. मुलाखती, लेख, सदर यांतून मी जगाच्या घडामोडींवर इतकी वर्षं मत देत आले; एखाद्या बसची वाट बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. योद्धा आपला टॉवेल धरून उभा होता. मंगळवारी दुपारी दौलतभाऊंचा फोन आला. मागे सुमनताईंच्या रडण्याचा आवाज.

“भाऊ? भाऊ, काय झालं?”

“विमानात बसली,” ते म्हणाले. “तिनं फोटू धाडलाय. खिडकीचा. नुस्ते ढग हायेत वो मॅडम.”

भाजे, बुधवार

सलीम आणि दौलतभाऊ तिला मुंबईहून घेऊन आले. मी पोचले तेव्हा प्रज्ञा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि सुमनताई हलायला तयार नव्हत्या. पाय बधिर झाले तरी चालतील, म्हणाल्या. टीव्ही बंद होता. रविवारी मुक्या टीव्हीनंच सगळं लक्ष खाल्लं होतं; पंखा आवाज करतो हे मला त्या दिवशी कळलं.

उठल्यावर प्रज्ञानं बॅगेतून खजुराचा डबा काढला आणि सांगितलं की आजीनं तिला निघताना एक शब्द दिला होता. म्हणजे प्रज्ञाला नाही, एलियाहू हनाबीला: पोरगी घरी पोचली की तिच्या घरी मलिदा होईल.

“नवस,” दौलतभाऊ म्हणाले.

“नवस तिचा आहे बाबा, आपला नाही. आपण फक्त खायचं.”

यावर त्यांना बराच विचार करावा लागला. शेवटी ते म्हणाले, “खायला काय, खातो आमी.” प्रतिज्ञांना बाध न आणता पोटापर्यंत जाणारी वाट त्यांना सापडली होती.

सलीमची बायको मदतीला आली. त्यांच्याकडेही उरसाला मलिदा असतो, चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला. आजीचा वेगळा: जाडे पोहे भिजवून त्यात खवलेलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, काजू-बेदाणे, परातीत ढीग करून भोवती केळी, खजूर आणि हाताला लागतील ती फळं. आमच्या सांगलीत पोह्यांना फोडणी न देता सोडणं म्हणजे त्यांचा अपमान. मी खोबरं खवत राहिले. करवंदांचा हंगाम, तेव्हा परातीच्या कडेला करवंदंही बसली. एलियाहू हनाबीला ती नवी असावीत.

दुपारी फोन लावून खुर्चीवर टेकवला. आजी आता मुलाच्या घरी होती, पांढरा स्कार्फ बांधून, पुढ्यात तिचीही एक ताटली. तिनं परात नीट दाखवायला लावली. करवंदं बघून विचारलं, “ती काळी काय आहेत? करवंदं! अगो, करवंदं!” आणि काही वेळ प्रार्थना राहूनच गेली.

मग तिनं सुरू केली. गेलेलं हिब्रू प्रार्थनेपुरतं तिच्याजवळ उरलं होतं, आणि चाल ऐकाल तर थेट कोकणातली. आम्ही उभे होतो. दौलतभाऊंनी हात जोडले नव्हते. पण खिशातही घातले नव्हते.

मधेच फोनमधून भोंग्याचा आवाज आला. मी तो बातम्यांत ऐकला होता. खोलीत ऐकणं वेगळं. चढत जाणारा, ओढलेला. आजीच्या मागून मुलगा धावत आला, वॉकर खडखडला, फोन उलटा पडला आणि पडद्यावर नुसतं छत राहिलं.

“ह्यांच्याकडं पक्की खोली आहे,” प्रज्ञा म्हणाली. “बॉम्बची. आतल्या बाजूला. तिथंच नेत असतील. वेळ लागतो तिला, तिचा डावा पाय उचलत नाही.” ती हे सगळं अगदी शांतपणे म्हणाली, आणि तिनं आईचा दंड घट्ट धरला होता, बोटं उमटतील इतका. तीन दिवसांपूर्वीपर्यंत तो डावा पाय तीच उचलून ठेवत होती.

परातीला कुणी हात लावला नाही. सलीमच्या बायकोनं वर झाकायला ताट आणलं आणि ते हातात धरूनच उभी राहिली. दौलतभाऊ फोनसमोर जाऊन बसले, त्या छताकडे बघत. कधीतरी दुरून एक धप्प आवाज आला. मग आणखी एक, आणखी दूर. डेपोतला माणूस पुटपुटला, “वर फुटलं. खाली न्हाई.” पुन्हा शांत.

छत हललं. एक बोट आलं, मग कानाचा भाग, मग अख्खी आजी, स्कार्फ वाकडा झालेला.

“आहे गो, आहे,” ती म्हणाली. “काही नाही झालं. तुम्ही खाल्लं का?”

“न्हाई,” दौलतभाऊ म्हणाले. “तुमची वाट बघत हुतो.”

“मी काय तिथं येणार आहे का? भिजवलेले पोहे ते, वाळतील. घ्या!”

प्रज्ञानं ओंजळी भरून सगळ्यांना दिला. आजीचा विश्वास नव्हता. तिनं एकेकाला फोनसमोर येऊन घास घ्यायला लावला. आधी प्रज्ञा. मग सुमनताई, ज्यांना रडणं आणि खाणं एकत्र जमेना. मग सलीमची बायको. दौलतभाऊंनी घास घेतला, आणि न विचारता दुसराही घेतला.

“त्या सांगलीच्या बाई राहिल्या,” आजी म्हणाली.

मी पुढे गेले आणि खाल्लं. गोड होतं, जायफळाचा वास होता, आणि फोडणीची आठवण झाली नाही. आजीनं माझ्या तोंडाकडे बारीक डोळ्यांनी बघितलं, मी गिळेपर्यंत थांबली, आणि मगच तिनं स्वतःची ताटली पुढे ओढली.